कोण विचारतंय?

माणसाला ‘तू कोण?’ असं विचारायच्या दोनच रीती मला लहानपणापासून माहीत होत्या. एक पोलिसांची आणि दुसरी लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यांची. पोलिसांचं नावावर भागतं. खुर्चीवाल्यांना आडनाव हवं असतं, आडनावावरून उमगलं नाही तर गाव हवं असतं, आणि गावावरूनही उलगडा झाला नाही तर ते आईचं माहेर विचारतात. ते नेमकं काय शोधत असतात हे त्यांनाही माहीत असतं आणि आपल्यालाही. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची पत्रकं छापायचे. त्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर डोकं ठेवून झोपलेली मी. या दुसऱ्या प्रश्नाला जन्मात उत्तर द्यायचं नाही, हे मी फार लवकर ठरवून टाकलं होतं.

तिसरी रीत मला कॅनडात, माँट्रियलजवळच्या ब्रॉसार्डला कळली, एका म्हाताऱ्या घरमालकाच्या दारात.

बेसमेंट भाड्यानं द्यायचंय, असं कुणीतरी मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं. बस बदलत, बर्फ तुडवत मी पोचले आणि बेल वाजवली. आतून आवाज आला, “से की सा?” माझं फ्रेंच तेव्हा सरकारी वर्गाच्या पहिल्या पुस्तकापुरतं होतं आणि त्या पुस्तकात असलं काही नव्हतं. मग दार किलकिलं झालं. लोकरीच्या टोपीखालून दोन डोळ्यांनी मला न्याहाळलं आणि तोच प्रश्न मराठीत आला.

“तू कोण?”

आता पुढचं पाऊल आडनाव, हे मी ओळखलं. उत्तर तयारच होतं.

“माणूस,” मी म्हटलं.

“ते दिसतंय. बूट काढ, बर्फ आत येतोय.”

आडनाव त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढेही कधी नाही. मी जय्यत तयारीनं गेले होते आणि लढाईच झाली नाही, याचा मला बरेच दिवस राग होता.

सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. ते निवृत्त इंजिनिअर. पुलांचे पोलादी सांगाडे करणाऱ्या एका कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. माँट्रियलला आले तेव्हा रस्त्यात दुसरा भारतीय दिसला तर माणसं ट्रॅफिक अडवून एकमेकांना मिठ्या मारायची, असं ते सांगत. पण फ्रेंच त्यांना शिकवलं ते कारखान्यातल्या वेल्डरांनी. त्यामुळे स्वेटरवर जाकीट, गळ्यात मफलर, हातात कोथिंबिरीची जुडी अशा थाटातले हे सद्गृहस्थ दुकानात तोंड उघडायचे आणि काउंटरवरच्या मुली चमकून वर बघायच्या. तोंडात भाषा अशी की आत्ताच कुणीतरी बांधकामाच्या मचाणावरून खाली उतरलंय.

रविवारी सकाळी माझ्या बेसमेंटच्या बाहेरच्या भागात, वॉशर आणि ड्रायरच्या मधोमध, ते नव्यानं आलेल्या मराठी मंडळींना फुकट फ्रेंच शिकवायचे. पुण्याचे, नागपूरचे सॉफ्टवेअरवाले घडीच्या खुर्च्यांवर बसायचे. मी दार उघडं ठेवून आतूनच ऐकायचे. पहिला धडा ठरलेला.

“ओळख विचारायची. पुस्तकात काय लिहिलंय?”

“की एत-व्हू,” एखादी मुलगी म्हणायची.

“म्हणजे?”

“आपण कोण आहात?”

“बरं. आजवर कुणी तुला विचारलंय असं? ‘आपण कोण आहात?’”

ती आठवून बघायची आणि मान हलवायची.

“नाहीच विचारणार. हे फक्त नाटकातली भुतं विचारतात. इथला माणूस काय म्हणतो? ‘ते की?’ झालं. ‘ते’ म्हणजे तू, ‘की’ म्हणजे कोण. तू कोण? जरा जोर हवा असेल तर ‘ते की, त्वा?’ कोण रे तू? हा कोण? ‘से की, ल्वी?’ प्रश्न कुठं आहे? शेवटी. मराठीत कुठं असतो? शेवटी. पुस्तकवाल्यांनी तो उचलून पुढं नेऊन ठेवला, आमच्या वेल्डरांनी परत जागेवर आणला. म्हणजे तुम्हाला निम्मं फ्रेंच जन्मतःच येतं. उरलेलं निम्मं कोर्समुळं बिघडतं.”

एकदा नागपूरचा एक मुलगा पुढच्याच रविवारी तावातावानं जिना उतरून आला. ऑफिसात अनोळखी नंबरवरून फोन आला होता, यानं धडा आठवून ठणठणीत आवाजात “ते की, त्वा?” असं विचारलं होतं, आणि पलीकडे कंपनीची सर्वांत मोठी बाई होती.

“काय शिकवून राहिले काका तुम्ही!” तो म्हणाला. “मी तिला ‘कोण गं तू’ म्हटलं नं!”

“मग? काय म्हणाली?”

“हसली. आधी गप्प झाली, मग हसतच सुटली.”

“नोकरी गेली?”

“नाही.”

“त्या ऑफिसात तुझं नाव तिला माहीत होतं आधी?”

“नव्हतं.”

“आता आहे. बस खाली.”

माझी आणि त्यांची जुंपायची ती यावरूनच. तू आणि तुम्ही. माझं म्हणणं, भाषेत दोन पायऱ्या कशाला? सगळ्यांना तू म्हणावं. काका भिवया उंचावून विचारायचे, “मग मला का तुम्ही म्हणतेस?”

“तुमचं वय आहे म्हणून.”

“म्हणजे वयाची वरची पायरी चालते. लिहून घ्या रे, क्रांतीमध्ये सीनियर सिटिझनला सवलत आहे.”

या विनोदावर वॉशरसुद्धा हसायचा.

त्यांची खरी खोड मात्र निराळी होती. सगळ्यांना ‘तू कोण’ विचारणारा हा माणूस स्वतः या प्रश्नाला सरळ उत्तर देत नसे. कुणी विचारलं की डोळे बारीक करून म्हणायचे, “सा देपाँ. से की की दमांद?” म्हणजे, ते कोण विचारतंय त्यावर आहे. दारात आलेला पार्सलवाला असो, लायब्ररीतली बाई असो, मंडळाचा नवा अध्यक्ष असो. टोराँटोजवळच्या ओकव्हिलहून त्यांची मुलगी दर रविवारी फोन करायची. गाडी चुकेल अशा घाईचं तिचं इंग्रजी. हे फोन उचलून म्हणायचे, “से की?”

“बाबा, इट्स मी.”

“मी कोण?”

“बाबा, प्लीज!”

तिला माँट्रियल सोडून बरीच वर्षं झाली होती. लोकलनं टोराँटोला जाऊन-येऊन नोकरी, दोन मुलं, आणि वडील दुसऱ्या प्रांतात एकटे. आई गेल्यापासून तिचा एकच धोशा होता, बाबांनी ओकव्हिलला यावं. बाबा म्हणायचे, “तिथं मी कोण? अमकीचे बाबा. इथं मी मी आहे. तिथं माझं फ्रेंच कुणाशी बोलू, लेकशी?” लेक म्हणजे तिथला तलाव, लेक म्हणजे मुलगी नव्हे, असं ते वर समजावूनही सांगायचे. तिला त्यावर हसू यायचं नाही.

मी त्यांना एकदा विचारलं, तुम्ही आडनाव का विचारत नाही? त्यावर त्यांनी कारखान्यातला पहिला दिवस सांगितला. त्याआधी टोराँटोला काही महिने काढले होते. तिथं सगळे अदबीनं विचारायचे, तुम्ही कुठले? आणि ‘इंडिया’ म्हटलं की समाधानानं पाठ फिरवायचे. इथं कारखान्याच्या दारात एक म्हातारा फोरमन उभा. त्यानं यांना वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “ते ल गार आ की, त्वा?”

“तू कुणाचा रे?” काकांनी मला मराठी करून सांगितलं. “कुणाचा पोरगा? इथल्या खेड्यांत असंच विचारतात. शब्दाला शब्द आपल्यासारखं. मी वडलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, नदी सांगितली, तालुका सांगितला. त्यानं मनापासून विचार केला, टोपी मागं सारून डोकं खाजवलं आणि म्हणाला, ‘कोने पा.’ नाही ओळखत. बघ तू. त्याला वाटलं होतं, ओळखत असेलही!”

त्यांचे डोळे चमकत होते. माझं मात्र पित्त खवळलं.

“कुणाचा हा प्रश्नच सरंजामी आहे, काका. माणूस कुणाचा नसतो. तो स्वतःचा असतो.”

“कुणाचाच नसतो तो माणूस फक्त एअरपोर्टवर असतो,” काका म्हणाले. “आणि तिथंसुद्धा न्यायला कोणी येणारे का, असं विचारतात.”

यावर एक सणसणीत उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचलं. पण तोवर त्यांनी विषय बदलून बटाट्यांचा काढला होता.

फेब्रुवारीत ते पडले. बर्फ काढणारी गाडी रस्ता साफ करून जाते आणि जाताना आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी टणक बांध घालून ठेवते. तो बांध फोडायला काका पहाटेच फावडं घेऊन गेले. मी उठायच्या आत शेजाऱ्यांनी अँब्युलन्स बोलावली होती. लागलं फारसं नव्हतं. पण हॉस्पिटलात एका तरुण नर्सनं वाकून विचारलं, “व्हू-जेत की, मस्यू?” तुम्ही कोण, काका? आणि डोक्याला पट्टी, पाठीखाली थंडगार स्ट्रेचर अशा अवस्थेतही आमचे गृहस्थ डोळे बारीक करून म्हणाले, “सा देपाँ. से की की दमांद?”

तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी तिलाच विचारलं, ते की, त्वा?

संध्याकाळी त्यांना घरी सोडलं ते कागदावर एक शेरा मारून. पेशंटला स्वतःची ओळख सांगता येत नाही.

त्या एका ओळीनं काय व्हायचं ते झालं. मुलीला फोन गेला. ती दुसऱ्या दिवशी आली, रडली, भांडली, “बाबा, बी रीझनेबल,” असं शंभरदा म्हणाली. शेवटी तडजोड ठरली. सरकारी आरोग्य केंद्राची सोशल वर्कर घरी येऊन त्यांना तपासेल. ती म्हणाली एकटं राहू शकतात, तर राहायचं. ती नाही म्हणाली, तर घर बंद करून ओकव्हिल. काकांनी मान डोलावली. पहिल्यांदाच मला ते थकलेले दिसले.

मुलगी परत गेल्यावर मी कामाला लागले. एका विनोदापायी एका माणसाचं घर जाणार, हे मला मंजूर नव्हतं. रोज संध्याकाळी मी सोशल वर्कर व्हायचे आणि काकांची तालीम घ्यायचे.

“मस्यू, आपण कोण आहात?”

“सा दे—”

“काका!”

“बरं, बरं. माझं नाव अमुक.”

“पूर्ण वाक्यात. आणि तिला व्हू म्हणायचं, तुम्ही. त्वा नाही.”

“तुझ्या समतेचं काय?”

“रिपोर्ट येईपर्यंत समता तहकूब.”

पुस्तकातलं फ्रेंच त्यांच्या तोंडात बसेना. प्रश्न वाक्याच्या पुढं न्यायचा, क्रियापद उलटं फिरवायचं, ‘नाही’ म्हणताना दोन तुकडे करून एक आधी आणि एक नंतर लावायचा. “ही भाषा आहे का सर्कस?” ते म्हणायचे. पण करायचे. घर राखायचं होतं.

सोशल वर्कर आली ती माझ्याच वयाची होती. बूट काढून, जाड मोज्यांनी स्वयंपाकघरात येऊन बसली आणि फार चांगुलपणानं, फार सावकाश, पहिला प्रश्न विचारला. काकांनी शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं. मी खूश. मग तिनं ऋतू विचारला. त्यांनी वाक्य सुरू केलं, मध्येच अडखळले, क्रियापद बदललं, परत पहिल्यापासून सुरू केलं. मग गावाचं नाव. मग सकाळी काय खाल्लं. प्रत्येक उत्तराआधी एक लांबलचक थांबा. ते वाक्य जुळवत होते आणि तिला वाटत होतं, ते ऋतू शोधतायत. तिचा आवाज हळूहळू मोठा होऊ लागला, लहान मुलांशी बोलतो तसा. आणि तिचा आवाज जसजसा मोठा झाला, तसतसे काका खुर्चीत लहान होत गेले.

मला राहवलं नाही.

“काका,” मी म्हटलं, “पुस्तक गेलं खड्ड्यात. वेल्डरांचं बोला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग टोपी जरा मागं सारली आणि टेबलावर दोन्ही कोपरं टेकून विचारलं, “तू मला सांग, तुझा हा ‘र’ ऐकतोय मगापासून. शहरातली नाहीस तू. ते ला फी आ की, त्वा?”

कुणाची गं तू?

तिचा पेन थांबला. मला वाटलं, संपलं सगळं. मग तिनं तोंडावर हात घेतला आणि खुदकन हसली. तिचे आजोबा असंच विचारायचे म्हणे, दारात आलेल्या प्रत्येकाला.

“आ रेजाँ,” ती म्हणाली. रेजाँची.

“कोणाचा रेजाँ?”

“रेजाँ आ आर्मां.”

“बघ!” काका मराठीत माझ्याकडे वळले. “आपल्यासारखंच. नाव, मग बापाचं नाव, मग आज्याचं.”

“आणि आई?” मी उसळलेच. “आईचं नाव कुणी विचारायचं? का ही बापालाच झाली?”

काकांनी याचं भाषांतर फार चवीनं केलं. “माझी ही भाडेकरू रागावली आहे. ती विचारते, तुला आई होती की नाही.”

“जिनेत,” ती हसत म्हणाली. “आईचं नाव जिनेत. आणि तीसुद्धा हेच म्हणाली असती.”

पुढचा तासभर मला बोलायला जागाच मिळाली नाही. उत्तरेकडच्या मोठ्या तळ्याकाठचं तिचं गाव, तिथल्या ज्या पुलाचं पोलाद काकांच्या कारखान्यातून गेलं होतं तो पूल, सकाळची भाकरी, बसचा नंबर, कोणती गोळी केव्हा. तिच्या यादीतले सगळे प्रश्न मधूनमधून कुठंतरी विचारून झाले आणि काकांनी ते गोट्यांसारखे टिपले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याचं नाव विचारल्यावर त्यांनी नाव तर सांगितलंच, वर चर्चमधल्या एका वस्तूचं नाव जोडलं. इथं त्या वस्तूंच्या नावांनीच शिव्या देतात. तिनं ते उत्तर बरोबर धरलं.

जाताना दारात बूट चढवत ती मला म्हणाली, राहू देत इथंच. कुणीतरी घरात असलं म्हणजे झालं. आणि फावडं लपवून ठेव.

मी आत आले. काकांनी कपात चहा ओतला होता, तो तसाच होता.

“पास?”

“पास.”

“गोड मुलगी. जिनेतची.” ते खिडकीबाहेर बघत राहिले. “बापाचं काय गं नाव सांगितलं तिनं?”

मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते हसत नव्हते. कपाळाला आठ्या घालून बाहेरच्या बर्फात कुणाला तरी शोधत होते.

“आर्मां तिचा आजा,” ते पुटपुटले. “आणि बाप... बाप...”

“रेजाँ.”

“हां. रेजाँ.” थोड्या वेळानं ते म्हणाले, “बापाचं गेलं, आईचं राहिलं बघ. तुझ्या पत्रकांचा परिणाम.”

आम्ही दोघंही हसलो. ते हसू मात्र फार टिकलं नाही.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. काकांनी तो माझ्याकडे सरकवला आणि हळूच म्हणाले, “पास म्हणून सांग. बाकी काही बोलू नकोस.”

मी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. आमच्या घरी एका बाजूनं छापलेलं पत्रक वाटत नाहीत. मी सांगितलं की सोशल वर्करनं त्यांना राहू द्या म्हटलंय. आणि हेही सांगितलं की त्या बाईच्या वडलांचं नाव, ती गेल्या गेल्या, काकांच्या ध्यानातून गेलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, भाडेकरार तिथंच फाडतील.

मग ओकव्हिलहून अडखळत मराठी आलं. तिचं मराठी मी तोवर ऐकलंच नव्हतं.

“बाबा, ऐकता तुम्ही? तुम्हाला... तुम्हाला कुठे राहायचं आहे?”

इतक्या दिवसांत त्यांना सगळं विचारून झालं होतं. नाव, वार, ऋतू, मुख्यमंत्री. हे कुणी विचारलं नव्हतं. नर्सनं नाही, सोशल वर्करनं नाही, मीही नाही.

काकांनी तोंड उघडलं. आता डोळे बारीक होणार, आता तो ठरलेला सूर येणार, असं मला वाटलं.

“इथं,” ते म्हणाले. “अजून एक विंटर तरी इथं. मग तू ये, स्वतः बघ, आणि सांग. तू म्हणशील तसं करू.”

“ओके, बाबा.” नाक ओढल्याचा आवाज. “बट नो शोव्हलिंग.”

“नाही धरत फावडं.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

“आणि तिला सांगा, तुमच्यावर लक्ष ठेवायला.”

“ती नाही ठेवायची,” काका म्हणाले. “माणसांवर पाळत ठेवायला तिचा तात्त्विक विरोध आहे.”

फोन ठेवल्यावर त्यांनी कप पुढं ढकलला.

“गार झाला. जरा परत आधण ठेव.”

“तुम्हीच ठेवा,” मी म्हटलं. “इथं राहायचंय ना?”

चर्चमधली आणखी एक वस्तू पुटपुटत ते उठले. मी खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली आणि बाहेरचा ड्राइव्हवे बघत बसले. मागं भांडं खडखडलं, नळ वाहिला, आल्याचा वास आला. चहा गाळल्याचा आवाज झाला, कप टेबलावर आला. स्टोव्हचं बटण टक्‌ करून बंद झाल्याचं ऐकू आलं, तेव्हा कुठं मी कपाला हात लावला.